वडिलांचं अनेकवचन

परवा संध्याकाळी सातवीतली एक मुलगी माझ्यासमोर वही उघडून बसली होती. आठवड्यातून तीन दिवस ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. मी २०१५ साली शाळेतून निवृत्त झाले आणि तेव्हाच ठरवलं होतं, की आता शिकवण्या घ्यायच्या नाहीत. पण या मुलीचा बाप माझा विद्यार्थी. गावाच्या नाक्यावर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात आमच्या बोअरची मोटार जळाली, तेव्हा तो ती काढून घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी भरून, बसवून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, ‘‘पैसे राहू द्या बाई. पोरीचं इंग्रजी तेवढं बघा. माझ्यासारखं तिचं होऊ नये.’’

‘माझ्यासारखं’ म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

तर ती मुलगी ‘माय फॅमिली’ या विषयावर दहा ओळी लिहून घेऊन आली होती. अक्षर सुरेख. मी लाल पेन घेऊन वाचायला लागले. ‘माय मदर वर्क्स इन अंगणवाडी.’ बरोबर. ‘माय ग्रँडमदर टेल्स स्टोरीज.’ बरोबर. ‘माय ब्रदर प्लेज क्रिकेट.’ बरोबर. ‘माय फादर रिपेअर मोटर्स.’ इथं एस राहिला. ‘माय ग्रँडफादर ग्रो शुगरकेन.’ इथंही राहिला. मी दोन्ही ठिकाणी लाल शाईनं एस घातला आणि नियम विचारला. तिनं तो पाढ्यासारखा म्हणून दाखवला: साधा वर्तमानकाळ, कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला एस किंवा ईएस लागतो, अनेकवचनी असेल तर लागत नाही.

‘‘येतंय की तुला. मग आईला लावलास, आजीला लावलास, भावाला लावलास. वडिलांना का नाही लावलास?’’

तिनं माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. म्हणाली, ‘‘बाई, आई काम करते, पण वडील दुरुस्त करतात. आजी सांगते, पण आजोबा पिकवतात. ते अनेकवचन झालं ना? अनेकवचनाला एस लावायचा नाही.’’

मी पेन खाली ठेवलं. बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. हजारो वह्या तपासल्या. या एका एसवर माझी किती लाल शाई खर्च झाली असेल त्याला गणती नाही. आणि एवढी साधी गोष्ट मला एका सातवीतल्या मुलीनं सांगावी लागली!

पण मला बोचलं ते वेगळंच. मला १९९१ सालचा सातवीचा वर्ग आठवला. तिसऱ्या बाकावर या मुलीचा बाप बसलेला होता.

तेव्हा आमच्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते आलं २००० साली. म्हणजे सातवीतल्या मुलाची या भाषेशी ओळख होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. मी ‘माय फादर’ हा निबंध घातला होता. या पोरानं लिहिलं होतं: ‘माय फादर गो टू फील्ड. माय फादर वर्क हार्ड. माय फादर नेव्हर टेक रेस्ट.’ दहा वाक्यं आणि एकातही एस नाही. मला राग आला, कारण आदल्याच आठवड्यात याच मुलानं ‘द काऊ’ हा निबंध अगदी बिनचूक लिहिला होता. ‘द काऊ गिव्हज मिल्क. द काऊ ईट्स ग्रास.’ म्हणजे नियम याला येतो. हा निव्वळ निष्काळजीपणा, असा मी निष्कर्ष काढला. त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, ‘‘काय रे, गाईला एस लावतोस आणि बापाला लावत नाहीस?’’

वर्ग खो खो हसला. शिक्षकाच्या विनोदाला वर्ग नेहमीच हसतो. मग मी दोन छड्या दिल्या आणि ‘माय फादर गोज टू फील्ड’ शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं. त्यानं आणलं. शंभरच्या शंभर. एकही एस राहिला नव्हता. पण त्यानंतर इंग्रजीच्या तासाला त्या मुलानं आपण होऊन कधी हात वर केला नाही. दहावीला बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. पुढे तो मोटारी भरायला शिकला आणि त्यात उत्तम तयार झाला. एका एसमुळे कुणाचं आयुष्य बदलतं, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी वर्गात एक दार बंद झालं आणि त्याची कडी मी लावली, हे मात्र खरं.

गाय दूध देते. वडील शेतात जातात. त्या मुलानं गाईला एकवचन दिलं होतं आणि बापाला मान दिला होता. मी त्याला शंभर वेळा लिहायला लावलं, पण ‘का रे बाबा, असं का लिहिलंस?’ हे एकदाही विचारलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी या विषयाचा पुन्हा पहिल्यापासून विचार करायला बसले.

आपण मराठी माणसं कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ घालण्यात कच्ची आहोत का? मुळीच नाही. उलट त्या बाबतीत आपल्यासमोर इंग्रज लिंबूटिंबू आहे. ‘जाणे’ हे साधं क्रियापद घ्या. मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातं, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. वचन बघा, पुरुष बघा, शिवाय लिंग बघा. इंग्रजीत काय आहे? आय गो, यू गो, वी गो, दे गो. सगळीकडे गोच. फक्त ‘ही’, ‘शी’, ‘इट’ आले की गोज. एवढ्या मोठ्या घरात एकच उंबरठा. पण आपण नेमके त्यालाच ठेचकाळतो.

आणि भूतकाळात तर आपली भाषा आणखी मजा करते. मुलानं आंबा खाल्ला, मुलानं पोळी खाल्ली, मुलानं केळं खाल्लं, मुलानं पेरू खाल्ले. खाणारा एकच, पण क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही. ते ताटाकडे बघतं. यालाच आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून घोकलं. ‘शिपायानं चोराला पकडलं’ यात तर ते ना शिपायाला जुमानत, ना चोराला. तो भावे प्रयोग. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रयोगांच्या चर्चेवर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. आणि पंडितांनी ज्यावर एवढा वाद घातला, ते तीन-चार वर्षांचं पोर अंगणात खेळता खेळता बिनचूक बोलतं. ‘तू माझी पोळी का खाल्लीस?’ असं म्हणून ते भावाच्या अंगावर धावून जातं. त्या ‘खाल्लीस’कडे जरा निरखून बघा. त्यातली ‘ली’ पोळीसाठी आहे आणि ‘स’ तुझ्यासाठी आहे. एकाच क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघांची हजेरी!

म्हणजे क्रियापदाला ‘स’ लावायची सवय आपल्यालाही आहे. फक्त आपला ‘स’ लागतो ‘तू’ला. इंग्रजांचा लागतो ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ला. ज्या मुलाच्या डोक्यात एवढा गुंतागुंतीचा कारखाना बिनबोभाट चालतो, त्याला एक एस कळत नाही म्हणून आम्ही ढ ठरवत होतो.

मग अडतं कुठं? तीन जागी अडतं, असं मला आता वाटतं.

पहिली जागा म्हणजे तो एस स्वतःच. मुलाला आपण आधी शिकवतो, की बॉयचं अनेकवचन बॉइज. एस लागला की अनेक झाले. मराठीत कर्ता अनेक झाला की क्रियापदही बदलतं: मुलगा खेळतो, मुलगे खेळतात. मग मूल विचार करतं, की अनेकवचनाची खूण एस आहे, तेव्हा ती दोघांनाही लावू. ‘द बॉइज प्लेज.’ ही चूक मी किती वह्यांत पाहिली असेल! तीत आळस नाही, तर्क आहे. पण इंग्रजीत नामाचा एस म्हणजे अनेक आणि क्रियापदाचा एस म्हणजे एक. एकच अक्षर, दोन ठिकाणी दोन उलटे अर्थ. सोय एवढीच, की साध्या वाक्यात हा एस बहुधा एकाच ठिकाणी सापडतो. कर्त्याजवळ असला तर क्रियापदाजवळ नसतो, क्रियापदाजवळ असला तर कर्त्याजवळ नसतो. घरात एकच छत्री असावी आणि ती एका वेळी एकानंच न्यावी, तसं.

यात फक्त आपलीच मुलं गडबडतात असंही नाही. रॉजर ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तीन लहान मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवून १९७३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. ती मुलं जन्मतः इंग्रजी ऐकणारी. त्यांच्या बोलण्यात अनेकवचनाचा एस आधी पक्का झाला, मालकी दाखवणारा एस त्यानंतर, आणि क्रियापदाचा एस या दोघांच्याही बराच मागाहून. आवाज तोच, तोंड तेच, पण शेवटचा एस सर्वांत उशिरा आला. ज्यांची ती मायबोली, त्यांची ही गत. मग तासाला चाळीस मिनिटं इंग्रजी ऐकणाऱ्या आमच्या पोरांना आम्ही किती मुदत देत होतो?

दुसरी जागा म्हणजे हा एस मुळात उरलाच का, हे कुणी सांगत नाही. कारण नसलेला नियम डोक्यात टिकत नाही. खरं तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदांना पुरुषाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे वेगवेगळे प्रत्यय होते. ‘तू’साठी ‘दाऊ’ हे सर्वनाम होतं आणि त्याचं क्रियापद व्हायचं ‘गोएस्ट’. ‘तो’चं व्हायचं ‘गोएथ’. आपल्या संस्कृतातल्या ‘गच्छसि’ आणि ‘गच्छति’ यांतले ‘सि’ आणि ‘ति’ हे या ‘एस्ट’ आणि ‘एथ’चे दूरचे भाऊबंद आहेत, दोन्हीकडचं घराणं एकच. पुढे ‘एथ’ची जागा ‘एस’नं घेतली. तो आला इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बोलीतून आणि हळूहळू लंडनपर्यंत पोचला. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात अजून सगळीकडे ‘एथ’ आहे; त्याच काळातल्या शेक्सपिअरकडे दोन्ही आढळतात. बाकीचे प्रत्यय झडून गेले, एवढा एक एस राहिला. जुन्या वाड्याच्या भिंती पडाव्यात आणि एक कोनाडा तेवढा उभा राहावा, तसा.

बरं, तोही सगळीकडे नाही. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक आणि सफोक या परगण्यांच्या बोलीत पिढ्यान्‌पिढ्या ‘ही गो’, ‘शी गो’ असंच बोललं जातं. त्यांचे बापजादे इंग्रजच! आपल्याकडेही बघा ना. पुण्याचा माणूस ‘तू कधी आलास?’ म्हणतो. विदर्भात आणि मराठवाड्यात ‘तू कधी आला?’ असं सर्रास विचारतात. तिकडचं पोर पुण्याला शिकायला आलं, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या त्या राहिलेल्या ‘स’वर हसतं. ‘स’ खाल्ला म्हणून हसणाऱ्यांची जात सगळ्या देशांत सारखीच असते. मीही त्यातलीच होते, हे कबूल केलेलं बरं.

याचा अर्थ एस लावला नाही तरी चालेल, असा कृपा करून कुणी घेऊ नये. अर्जात, मुलाखतीत, परीक्षेत प्रमाण इंग्रजीच लागते आणि तिथं ‘ही गो’ लिहिणाऱ्याची बाजू घ्यायला नॉरफोकहून कुणी येत नाही. खेड्यातल्या मुलाच्या दृष्टीनं हा एस म्हणजे दरवाजावरचा पहारेकरी आहे. त्याला ओलांडून आत जावंच लागतं. प्रश्न एवढाच आहे, की त्याच्यापर्यंत मुलाला हात धरून न्यायचं की मागून छडी मारत.

तिसरी जागा म्हणजे मान. ही मला त्या मुलीनं दाखवली. मराठीत आपण माणूस एक असला तरी आदरानं त्याला अनेक करतो. बाबा आले, गुरुजी म्हणाले, साहेब बसलेत. आई मात्र आली, आजी म्हणाली. आईला एकवचन आणि बाबांना अनेकवचन, हा आपल्या घराघरातला जुना रिवाज. त्यात माया किती आणि अन्याय किती, याचा वाद घरोघरी जेवणाच्या टेबलावर घालता येईल. पण मूल जेव्हा मराठीतून इंग्रजीत जातं, तेव्हा हा रिवाज बरोबर घेऊन जातं आणि ‘वडील जातात’चं ‘फादर गो’ करतं.

मजा अशी, की इंग्रजांनीही एके काळी हेच केलं होतं. त्यांच्याकडे ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणून एकट्यालाही ‘यू’ म्हणायची पद्धत पडली. मग शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही ‘यू’, मग सगळ्यांनाच ‘यू’. बिचारा ‘दाऊ’ रोजच्या भाषेतून जवळजवळ हद्दपार झाला. आज कुत्र्याशी बोलतानासुद्धा ते ‘यू आर’ म्हणतात. म्हणजे त्यालाही ‘तुम्ही आहात’ म्हणतात! अठराव्या शतकात काही लोकांना वाटलं, की समोर माणूस एक आहे तर ‘यू वॉज’ म्हणावं. चांगले लिहिणारे-वाचणारेही तसं लिहीत. पण पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यानं १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात ‘यू वॉज’ ही घोर चूक ठरवली आणि पुढच्या व्याकरणकारांनी तीच री ओढली. ‘यू वेअर’ राहिलं ते कायमचं. म्हणजे आदराचं अनेकवचन तिकडेही आहे. फरक एवढाच, की त्यांनी ते समोरच्या माणसापुरतं ठेवलं आणि पाठीमागच्या माणसाला दिलं नाही. आपण वडिलांना पाठीमागेही देतो.

हे एकदा कळलं, की पुष्कळ गाठी सुटतात. मी आता त्या मुलीला नियम सांगत नाही. आधी तिचं मराठी वाक्य विचारते. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, की इंग्रजीच्या तासाला वर्गात मराठीचा शब्द काढू नये. माझे वडील तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. मराठी वाक्य डावीकडे ठेवून इंग्रजी उजवीकडे. ती पद्धत जुनाट म्हणून आम्ही हसायचो. आज वाटतं, तीत एक शहाणपण होतं. मूल कुठून निघालं आहे, हे तीत दिसत होतं.

मराठी कित्येकदा आपल्या बाजूनंही असते. इंग्रजी शिकणाऱ्यांना नेहमी चकवणारी वाक्यं घ्या. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’? मूल मँगोजकडे बघतं आणि ‘हॅव’ लिहितं. पण त्याला मराठीत विचारा. आंब्यांची पेटी आली की आले? कुणीही ‘आंब्यांची पेटी आले’ म्हणत नाही. आली ती पेटी. म्हणून ‘हॅज’. ‘वन ऑफ द बॉइज’? मुलांपैकी एक आला. आला, आले नव्हे. म्हणून ‘हॅज’. ‘एव्हरी बॉय’? मराठीत प्रत्येक मुलगा आला; शंभर असले तरी आला. म्हणून तिथंही एकवचन. ‘पोलीस’ मात्र दोन्हीकडे अनेकवचनी: पोलीस आले, ‘द पोलीस हॅव कम’. दहापैकी सात वेळा तरी आपली आईच आपल्याला उत्तर सांगते; फक्त तिला विचारायला हवं.

उरलेल्या तीन वेळा ती फसवते, आणि ती ठिकाणं वेगळी पाठ करावी लागतात. आपले केस पांढरे होतात, पण त्यांचं ‘हेअर इज’ एकवचनी. आपले पैसे संपतात, त्यांचा ‘मनी’ एकटाच संपतो. आपण रेडिओवर बातम्या ऐकतो, त्यांची ‘न्यूज’ शेवटी एस असूनही एक. उलट आपला चष्मा एक, कात्री एक, विजार एक. त्यांच्याकडे मात्र काचा दोन, पाती दोन, पाय दोन, म्हणून तिन्ही अनेकवचनी. सातवीतल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरधरून हसली. म्हणाली, ‘‘बाई, म्हणजे चष्म्याला अनेकवचन आणि वडिलांना एकवचन!’’

आणि खुद्द इंग्रजीतही सगळं ठरलेलं आहे असं कुठं आहे? क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात ‘इंडिया आर’ असं ऐकू येतं, कारण ब्रिटिश कानाला संघ म्हणजे अकरा माणसं. अमेरिकन माणूस संघ एक मानून ‘इज’ म्हणतो. आणि त्या अमेरिकेचं स्वतःचं काय? त्यांच्या राज्यघटनेच्या १८६५ सालच्या तेराव्या दुरुस्तीत ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘देयर’ म्हणजे ‘त्यांच्या’ हा शब्द आहे. जणू अनेक राज्यं मिळून बोलत आहेत. आज मात्र ‘द युनायटेड स्टेट्स इज’ हेच रूढ आहे. म्हणजे एक म्हणायचं की अनेक, हे नुसतं मोजण्यावर ठरत नाही. त्या गोष्टीकडे बोलणारा कसा बघतो, यावरही ठरतं. त्या सातवीतल्या मुलानं आपल्या बापाकडे कसं बघितलं होतं, ते त्याच्या दहा वाक्यांत लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं नाही.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि शाळेतली छडी कायद्यानं बंद झाली. चांगलंच झालं. पण छडीपेक्षा विनोद जास्त लागतो. तेव्हा घरी मुलांच्या वह्या बघणाऱ्या आई-वडिलांना मी एवढंच सांगेन. चूक दिसली की लाल शाई उघडण्याआधी एक प्रश्न विचारा: ‘असं का लिहिलंस?’ बहुतेक वेळा मुलाजवळ उत्तर असतं. आणि ते आपल्या नियमापेक्षा पुष्कळदा जास्त विचार केलेलं असतं.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीला सांगितलं, ‘‘हे बघ, इंग्रजीत राजा असो, गाय असो की वडील असोत, एक म्हणजे एकच. तिकडे मान क्रियापदात ठेवत नाहीत.’’

‘‘मग कुठं ठेवतात?’’

‘‘मनात ठेवतात. तूही तिथंच ठेव आणि कागदावर एस लाव.’’

आठ वाजता बाप तिला न्यायला आला. दारात स्कूटर लावून, चपला काढून उभा राहिला. हाताला तेलाचे डाग. मी त्याला आत बोलावलं, वहीतली ती दोन वाक्यं दाखवली आणि मुलगी काय म्हणाली ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘गाईचं आठवतं मला, बाई.’’

चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला वाटत होतं, ती मला एकटीलाच आठवते.

‘‘मग बाई, तेव्हा माझं बरोबर होतं का?’’

‘‘इंग्रजीत चुकलेलंच होतं,’’ मी म्हटलं, ‘‘पण ते का चुकलं, हे मी विचारायला हवं होतं. ती चूक माझी. तुझ्यापेक्षा मोठी.’’

तो खाली बघून हसला. खिशातून फोन काढला आणि त्या दिवशी पंपाच्या कंपनीला पाठवलेला निरोप माझ्यासमोर धरला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक ओळ होती: ‘ओनर से मोटर मेक्स नॉइज.’ मालक म्हणतात, मोटार आवाज करते.

मोटारीला एस होता. मालकाला नव्हता.

‘‘इथं लावायचा ना बाई?’’ त्यानं ‘से’वर बोट ठेवून विचारलं. मी मान हलवली. त्यानं तिथल्या तिथं एस घातला, ती ओळ एकदा स्वतःशीच वाचली आणि पुन्हा पाठवून दिली.